नदीच्या पाण्यातलं एलएएस: ब्लँकमध्ये पीक, सी१३ गायब आणि एमबीएएसशी हिशेब जुळत नाही

जलपरीक्षा (प्रश्न)

इंद्रायणीच्या पाण्यात डिटर्जंटचे अवशेष किती, हे लिक्विड क्रोमॅटोग्राफीने मोजायचं काम चालू आहे. लोणावळ्याकडून देहू, आळंदी आणि पुढे तुळापूरच्या संगमापर्यंतचे नमुने आहेत. आळंदीला फेसाच्या बातम्या येतात तेव्हा सगळे मिथिलिन ब्लू रंगद्रव्याने मोजलेला आकडा (एमबीएएस) सांगतात. त्यात एलएएस, म्हणजे लिनिअर अल्किलबेंझिन सल्फोनेट (डिटर्जंटमधला एक सर्फॅक्टंट, म्हणजे फेस करणारा घटक), नेमकं किती आणि त्यातले सी१० ते सी१३ हे चार होमोलॉग (साखळीत १० ते १३ कार्बन असलेले प्रकार) वेगवेगळे किती, हे हवं आहे.

सध्याची पद्धत अशी. १ लिटरच्या काचेच्या बाटलीत नमुना. ०.७ मायक्रॉन ग्लास फायबरमधून गाळून ५०० मिलि पाणी सी१८ कार्ट्रिजवर (पाण्यातले सेंद्रिय पदार्थ धरून ठेवणारी छोटी नळी; ५०० मिग्रॅ, ६ मिलि). मिथेनॉलने इल्यूशन (धरलेलं उतरवून घेणं), नायट्रोजनखाली कोरडं, मग १ मिलि पाण्यात परत विरघळवणं. कॉलम सी१८, २५० × ४.६ मिमी, ५ मायक्रॉन. मोबाइल फेज (कॉलममधून वाहणारा द्रावक) ॲसिटोनायट्राइल आणि १० मिलिमोलर अमोनियम ॲसिटेट, ग्रेडिएंट (प्रमाण बदलत जाणारं). फ्लुओरेसन्स डिटेक्टर २२५/२९५ नॅनोमीटर. स्टँडर्ड म्हणून टेक्निकल ग्रेड सोडियम डोडेसिलबेंझिन सल्फोनेटची पावडर. काचसामान लॅबच्या न्यूट्रल डिटर्जंटने धुऊन डिस्टिल्ड पाण्याने खळबळलेलं.

अडचणी चार आहेत. ब्लँकमध्ये (नमुन्याऐवजी शुद्ध पाणी घेऊन केलेली चाचणी) चारही होमोलॉग दिसतात, एकूण ३ मायक्रोग्रॅम/लिटरच्या आसपास. प्रत्येकी २० मायक्रोग्रॅम/लिटर स्पाइक केल्यावर (मुद्दाम घातल्यावर) सी१० जवळजवळ पूर्ण मिळतो, पण पुढे रिकव्हरी (घातल्यापैकी परत मिळणारा भाग) उतरत जाते आणि सी१३ निम्माही हाती लागत नाही. पीक एकेक न येता झुपक्यांनी येतात, इंटिग्रेशन कुठे तोडायचं कळत नाही. आणि त्याच नमुन्याचं एमबीएएस एचपीएलसीच्या बेरजेच्या तिप्पट-चौपट येतं. दुसऱ्या विभागातला ट्रिपल क्वाड (मास स्पेक्ट्रोमीटर) वापरता येईल; नोनिलफेनॉल इथॉक्सिलेट (भार नसलेले सर्फॅक्टंट) हेही पुढे करायचे आहेत. सुरुवात कुठून करू?

---

रिकामी व्हायल

ब्लँकपासून. तो बसल्याशिवाय बाकीच्या तीन प्रश्नांची उत्तरं खरी की खोटी हेच ठरणार नाही.

पहिली गोष्ट, या कामाच्या काचसामानाला डिटर्जंट लावायचं नाही, कुठलंच नाही. न्यूट्रल, फॉस्फेटमुक्त, 'लॅबसाठी खास' असं काहीही लिहिलेलं असो, त्यात बहुधा सर्फॅक्टंट असतो आणि अनेकदा तो एलएएसच असतो. दहा वेळा खळबळलं तरी काचेवर थर राहतो आणि पहिल्या मिथेनॉलबरोबर उतरतो. नळाचं पाणी, मग डिस्टिल्ड, मग भट्टीत ४५० अंशांना ४ तास. व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क आणि पिपेट भट्टीत घालू नका, कॅलिब्रेशन जातं. त्यांना एचपीएलसी ग्रेड मिथेनॉलने तीनदा खळबळा आणि उलटे ठेवून वाळवा. या कामाचा संच वेगळा ठेवा, त्यावर खूण करा आणि भांडी धुणाऱ्या मावशींना किंवा दादांना तो सिंकपासून लांब ठेवायला स्पष्ट सांगा. लॅबमध्ये निम्मी भानगड तिथेच होते.

मग पीक नेमकं कुठून येतं ते टप्प्याटप्प्याने शोधा. आधी इंजेक्शनशिवाय नुसता ग्रेडिएंट चालवा. मग शुद्ध मिथेनॉलचं इंजेक्शन. मग ज्या द्रावकात अर्क विरघळवता तो, व्हायलमधून. मग कोरं कार्ट्रिज कंडिशन करून, नमुना न टाकता इल्यूट केलेलं. मग बाटलीत शुद्ध पाणी भरून सगळी पद्धत. ज्या पायरीला पीक उगवतं तिथे चोर आहे.

नुसत्या ग्रेडिएंटमध्येच पीक आलं तर मोबाइल फेज किंवा पंपाकडचा भाग दूषित आहे. याची खात्री करायची सोपी युक्ती: ग्रेडिएंट सुरू होण्याआधीचा समतोलाचा काळ ५ मिनिटांवरून २० मिनिटांवर न्या. पीक त्या प्रमाणात फुगलं तर ते पाण्याच्या बाजूने येऊन कॉलमच्या तोंडाशी साचतंय. उपाय म्हणजे मिक्सर आणि इंजेक्टरच्या मध्ये एक छोटा सी१८ कॉलम बसवणं. मोबाइल फेजमधलं एलएएस त्यात अडकतं आणि नमुन्यातल्या पीकच्या मागून, उशिरा बाहेर पडतं. पीएफएएस (फ्लोरिनयुक्त प्रदूषकं) मोजणारे हेच करतात, इथेही तितकंच चालतं. ट्रिपल क्वाडवर जाल तेव्हा तर हा कॉलम बसवाच.

हातांकडेही बघा. हँडवॉशने हात धुऊन हातमोज्याशिवाय व्हायलचं झाकण लावलं तरी फरक दिसतो. हातमोजे नायट्राइलचे, आणि नवीन लॉटच्या मोज्याचा एक तुकडा मिथेनॉलमध्ये बुडवून इंजेक्ट करून बघा. फरशी पुसायच्या दिवशी उघड्या बीकरमध्ये अर्क कोरडा करू नये.

सगळं करूनही ब्लँक शून्य होत नाही, हे गृहीत धरा. प्रत्येक बॅचला किमान दोन पूर्ण ब्लँक घ्या. डिटेक्शन मर्यादा सिग्नल-नॉइजवरून काढू नका. किमान सात पूर्ण ब्लँकची सरासरी अधिक तीन पट प्रमाण विचलन घ्या. सिग्नल-नॉइजवरून आलेली मर्यादा दिसायला फार देखणी असते, पण ती उपकरणाची असते, पद्धतीची नाही.

---

घन-द्रव

रिकव्हरीबद्दल. सी१० ठीक आणि सी१३ पर्यंत उतरती भाजणी, हा नमुना शोषणाचा आहे. कार्ट्रिजमधून निसटणं असतं तर उलटं झालं असतं: सगळ्यात आधी सी१० गेला असता, कारण सी१८वर तोच सगळ्यात कमी धरला जातो. साखळीत एक कार्बन वाढला की घन पृष्ठभागाला चिकटण्याची ओढ साधारण दोन-तीन पटीने वाढते. म्हणजे सी१३ जिथे जागा मिळेल तिथे बसतो. जागा तुम्ही तीन ठिकाणी दिली आहे.

सगळ्यात मोठी शेवटच्या पायरीला. कोरडा अर्क नुसत्या पाण्यात उचलू नका. सी१२-सी१३ व्हायलच्या भिंतीवरून उतरतच नाहीत. मिथेनॉल-पाणी ६०:४०, त्यात ५ मिलिमोलर अमोनियम ॲसिटेट, असं घ्या. आधी मिथेनॉलचा भाग टाकून भिंतीवर फिरवा, अर्धा मिनिट व्हॉर्टेक्स, मग पाणी. पूर्ण कोरडं करण्यापेक्षा ०.२ मिलिच्या आसपास थांबून पुढे मिश्रणाने १ मिलि केलं तर आणखी बरं. नायट्रोजनचा झोत हलका, तापमान ४० अंशांच्या वर नको. ६० टक्के मिथेनॉलचं २० मायक्रोलिटर इंजेक्शन ४.६ मिमी कॉलमला सोसतं. सी१०चा पीक पुढून पसरला तर इंजेक्शन १० वर आणा.

दुसरी जागा बाटली. नमुना आणल्यावर ५०० मिलि मोजून काढता, उरलेलं भिंतीवर राहतं. त्यापेक्षा ५०० मिलिचीच बाटली मानेपर्यंत भरा, वजनावरून आकारमान काढा आणि सगळी कार्ट्रिजवर रिकामी करा. मग त्याच बाटलीत ५ मिलि मिथेनॉल फिरवा आणि तेच मिथेनॉल इल्यूशनला वापरा. बाटली नदीच्या पाण्याने आधी खळबळू नये. इतर पॅरामीटरला ती सवय चांगली, इथे प्रत्येक खळबळीत भिंतीवर नवा थर चढतो आणि आकडा फुगतो.

तिसरी जागा फिल्टर. ग्लास फायबर योग्यच आहे, वापरण्याआधी ४५० अंशांना भाजून घ्या. नायलॉन, सेल्युलोज नायट्रेट वगैरे मेम्ब्रेनला हात लावू नका, विशेषतः नायलॉन ॲनायनिक सर्फॅक्टंट घट्ट धरतो. शेवटच्या अर्काला सिरिंज फिल्टर लावत असाल तर तोही बंद. १० मिनिटं सेंट्रिफ्यूज करून वरचं घ्या. पण गाळण्याचा खरा प्रश्न वेगळा आहे. पावसाळ्यात इंद्रायणीचं पाणी गढूळ असतं आणि दख्खनचं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे बऱ्यापैकी कठीण. कठीणपणा वाढला की एलएएस गाळाला जास्त चिकटतं. गाळून फिल्टर फेकलात तर लांब साखळीचा मोठा भाग कचऱ्यात. फिल्टर मिथेनॉलमध्ये (१० मिलि, १५ मिनिटं सोनिकेशन, दोनदा) काढा आणि 'विरघळलेलं' आणि 'गाळाला चिकटलेलं' असे दोन आकडे द्या. एकत्र आकडा द्यायचा असेल तर तसं अहवालात लिहा.

स्पाइकही तपासा. गाळलेल्या पाण्यात स्पाइक करून मिळालेली रिकव्हरी फिल्टरबद्दल काही सांगत नाही. न गाळलेल्या नमुन्यात स्पाइक करा, किमान अर्धा तास ढवळत ठेवा, मग पुढे जा.

कार्ट्रिजचा क्रम माझ्या पसंतीचा असा: ५ मिलि मिथेनॉल, ५ मिलि पीएच ३चं पाणी, कोरडं पडू न देता नमुना (हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच ३, प्रवाह मिनिटाला ५ मिलिच्या आत), मग ५ मिलि शुद्ध पाणी, ५ मिलि मिथेनॉल-पाणी ३०:७०, दहा मिनिटं हवा ओढून कोरडं, मग मिथेनॉल ५ मिलि दोनदा, थेंबाथेंबाने. इल्यूशन घाईने केलं तर पुन्हा सी१३च मागे राहतो.

---

लांबसाखळी

पीकच्या झुपक्यांबद्दल. ते झुपके म्हणजे आयसोमर. फिनाइल गट साखळीच्या कितव्या कार्बनवर बसलाय त्यावरून एकेका होमोलॉगचे चार ते सहा आयसोमर होतात. २५० मिमीचा चांगला सी१८ कॉलम त्यांना अर्धवट सोडवतो: मधल्या जागी जोडलेले आधी, २-फिनाइल सगळ्यात शेवटी. परिणामी सी१०चा २-फिनाइल सी११च्या पहिल्या आयसोमरांवर येऊन बसतो आणि तोडायला जागा उरत नाही. इथे जास्त ताकदीचा कॉलम हा तोटाच. सी८ कॉलम घ्या, १५० × ४.६ मिमी, ५ मायक्रॉन, आणि आइसोक्रॅटिक (द्रावकाचं प्रमाण न बदलता) चालवा: मिथेनॉल-पाणी ८०:२०, त्यात ०.१ मोलर सोडियम परक्लोरेट, १ मिलि/मिनिट, ४० अंश. आयसोमर एकत्र येतात आणि सी१०, सी११, सी१२, सी१३ असे चार सुटे पीक उभे राहतात. तुमच्या कॉलमनुसार मिथेनॉल २-२ टक्क्यांनी मागेपुढे करा.

परक्लोरेट का, तर सल्फोनेटचा ऋण भार झाकला जाऊन पीक शेपटी न काढता येतात, आणि जास्त ऑरगॅनिक प्रमाणातही ते मीठ खाली बसत नाही. दिवसाच्या शेवटी मिथेनॉल-पाणी ५०:५० ने अर्धा तास धुवा. परक्लोरेट असलेला टाकाऊ द्रावक वेगळ्या बाटलीत ठेवा, कधीही सुकू देऊ नका किंवा ऊर्ध्वपातनाला लावू नका. कोरडं परक्लोरेट आणि सेंद्रिय पदार्थ एकत्र म्हणजे स्फोटाचा धोका. आणि हा मोबाइल फेज मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये चुकूनही नको.

फ्लुओरेसन्सला एक्सायटेशन २३० करून बघा. २२५ ला सिग्नल थोडा जास्त असला तरी जुन्या दिव्यावर आणि साध्या दर्जाच्या मिथेनॉलवर बेसलाइन तितकीच खराब होते. उत्सर्जन २९० ते २९५. डिगॅसर चालू हवा, विरघळलेला ऑक्सिजन फ्लुओरेसन्स दाबतो आणि सकाळ-दुपारचे क्षेत्रफळ वेगळे येतात.

आता स्टँडर्ड. टेक्निकल पावडर कॅलिब्रेशनसाठी बाद. शुद्धता अनिश्चित, पाणी शोषलेलं, होमोलॉगचं प्रमाण बाटलीवर नसतं आणि काही मालात फांद्यावाली साखळी असते. होमोलॉगनिहाय टक्केवारी दिलेलं प्रमाणित एलएएस मिश्रण घ्या आणि प्रत्येक होमोलॉगचा स्वतंत्र आलेख काढा. 'एकूण एलएएस' असा एकच आलेख काढून नदीच्या नमुन्याला लावू नका, कारण नदीत प्रमाण बदललेलं असतं. स्टॉक मिथेनॉलमध्ये, काचेत, ४ अंशांना. पाण्यातला सौम्य स्टँडर्ड रोजचा रोज. भिंतीवर बसून तो उतरतोच.

सरोगेट (पद्धत तपासायला नमुन्यात घालायचा जोडपदार्थ) म्हणून सी८, म्हणजे ४-ऑक्टिलबेंझिन सल्फोनेट, चांगला. बाजारातल्या डिटर्जंटमध्ये तो जवळजवळ नसतो आणि क्रोमॅटोग्राममध्ये सगळ्यांच्या आधी येतो. नमुना फोडताक्षणी टाका. पण त्याची साखळी आखूड आहे. सी८ पूर्ण मिळाला म्हणून सी१३ मिळाला असं होत नाही, त्यामुळे त्याच्यावरून सी१३ दुरुस्त करू नका.

एक तपासणी फुकटात मिळते ती वापरा. बाजारातल्या एलएएसमध्ये सी११ आणि सी१२ सगळ्यात जास्त, सी१० आणि सी१३ त्याहून बरेच कमी. नदीत मैलोन् मैल वाहून आलेल्या पाण्यात लांब साखळ्या आधी जातात, गाळाला चिकटून आणि जिवाणूंनी खाऊन, म्हणून भार सी१०-सी११कडे सरकतो. विरघळलेल्या अंशात चारही होमोलॉग अगदी पुडीतल्या प्रमाणात दिसले तर दोनच शक्यता: शेजारीच ताजं सांडपाणी पडतंय, किंवा ते तुमच्या लॅबमधलं आहे. ब्लँकचं प्रमाण काढून नमुन्याशेजारी ठेवा.

---

जलपरीक्षा

खूप आभार. पायऱ्या लावून बघितल्या: नुसता ग्रेडिएंट आणि मिथेनॉल स्वच्छ आहेत, समतोलाचा काळ वाढवूनही फरक नाही, पीक कोऱ्या कार्ट्रिजच्या पायरीलाच येतो आणि त्यात सी११-सी१२ वरचढ, म्हणजे बाजारातलंच प्रमाण. पाण्याऐवजी ६०:४० घेतल्यावर सी१३ लक्षणीय वाढला.

दोन प्रश्न उरले. कार्ट्रिजच दूषित आहे की मॅनिफोल्ड (कार्ट्रिज बसवून पाणी ओढायची पेटी)? आणि एमबीएएसचा फरक. ट्रिपल क्वाडवर गेलो तर तो सुटेल का?

---

रिकामी व्हायल

मॅनिफोल्डच्या तोट्या आणि सुया आधी धरा. त्या सिंकमध्ये डिटर्जंटमध्ये भिजवायची पद्धत बहुतेक ठिकाणी असते. मिथेनॉलमध्ये सोनिकेट करा, किंवा प्रत्येक कार्ट्रिजखाली नवी पीटीएफई नळी लावा. मग कोरं कार्ट्रिज मॅनिफोल्डशिवाय, हातात धरून सिरिंजने मिथेनॉल ढकलून इल्यूट करा. तरी पीक आलं तर कार्ट्रिज. कंडिशनिंगचं मिथेनॉल ५ ऐवजी १० मिलि केलं की बहुतेक उतरतं. लॉट बदलला की पुन्हा तपासा.

---

एकशे त्र्याऐंशी

एमबीएएस आणि ट्रिपल क्वाड, दोन्हींवर.

मिथिलिन ब्लूची पद्धत ॲनायनिक सर्फॅक्टंटची रंगद्रव्याशी जोडी करून ती क्लोरोफॉर्ममध्ये ओढते आणि ६५२ नॅनोमीटरला मोजते. तिला एलएएस ओळखता येत नाही. शाम्पू, हँडवॉश, भांड्यांचं लिक्विड यातलं एसएलईएस आणि एसएलएस, म्हणजे सल्फेट वर्गातले सर्फॅक्टंट, तिला तितकेच दिसतात. तुमच्या डिटेक्टरला ते मुळीच दिसत नाहीत, त्यांत बेंझिनचं वलय नाही. शिवाय सेंद्रिय आम्लं, ह्यूमिक पदार्थ, नायट्रेट, क्लोराइड, थायोसायनेट हेही थोडाथोडा रंग देतात. उलट, केसांच्या कंडिशनरमधले आणि कपड्यांच्या सॉफ्टनरमधले कॅटायनिक सर्फॅक्टंट ॲनायनिकशी जोडी जमवून आकडा खाली ओढतात. त्यामुळे शहरी नदीत तिप्पट-चौपट फरक दिसला म्हणून तुमची एचपीएलसी चुकली असं नाही. आयएस १०५०० या भारतीय मानकातली ०.२ मिग्रॅ/लिटर ही स्वीकार्य मर्यादा आणि पर्याय नसेल तेव्हाची १.० ही एमबीएएस म्हणून दिलेली आहे, तीही पिण्याच्या पाण्यासाठी. तुमच्या एलएएसच्या बेरजेची थेट तिच्याशी तुलना करू नका, अहवालात दोन वेगळे रकाने ठेवा.

मास स्पेक्ट्रोमीटरशिवायही फरकाचं पोट फोडता येतं. सल्फेट एस्टर आम्लात उकळल्यावर तुटतात, सल्फोनेट टिकतात. नमुन्याचा एक भाग साधारण १ मोलर आम्लात रिफ्लक्स करा, उदासीन करा, पुन्हा एमबीएएस काढा. जेवढी घट तेवढा सल्फेट वर्ग. वेळ किती ठेवायचा ते शुद्ध पाण्यात एसएलएस, एसएलईएस आणि एलएएस वेगवेगळे स्पाइक करून ठरवा: पहिले दोन जायला हवेत, तिसरा जसाच्या तसा राहायला हवा. उकळताना फेस उतू जातो, मोठा फ्लास्क घ्या.

ट्रिपल क्वाडवर एलएएस सोपं आहे. निगेटिव्ह इलेक्ट्रोस्प्रे, प्रिकर्सर (तुटण्याआधीच्या मूळ आयनचं वस्तुमान) २९७, ३११, ३२५, ३३९ (सी१० ते सी१३), सगळ्यांचा मुख्य तुकडा १८३. दुसरा तुकडा १७० किंवा ११९. लक्षात ठेवा, या दोन तुकड्यांचं गुणोत्तर आयसोमरनुसार बदलतं, म्हणून पीकच्या एका टोकाला गुणोत्तर मर्यादेबाहेर दिसलं तर घाबरू नका. पूर्ण झुपक्याचं क्षेत्रफळ घेऊन तुलना करा. त्याच इंजेक्शनमध्ये एसएलएस २६५ → ९७ आणि एसएलईएसचे पहिले दोन ३०९ → ९७, ३५३ → ९७ टाका. एमबीएएसमधली पोकळी बऱ्यापैकी तिथेच भरून निघेल. मोबाइल फेज ५ मिलिमोलर अमोनियम ॲसिटेट आणि ॲसिटोनायट्राइल. इथे होमोलॉग वजनावरून सुटतात, त्यामुळे सी१८ चालेल.

पण मॅट्रिक्स इफेक्ट जबरदस्त. ५०० पट घट्ट केलेल्या अर्कातले ह्यूमिक पदार्थ आयनीकरण दाबतात आणि रिकव्हरी कमी असल्याचा आभास होतो. अर्क १० पट सौम्य करून पुन्हा चालवा. सौम्य केल्यावर हिशेबाने आकडा वाढला तर दाब होता. ट्रिपल क्वाडला मुळात ५०० पट लागतच नाही, ५० मिलि पाणी पुरे. रिंगवर कार्बन-१३चे सहा अणू असलेला सी१२ मिळाला तर ३३१ → १८९ वर अंतर्गत स्टँडर्ड ठेवा, नाही तर नमुन्यातच तीन पातळ्यांवर स्टँडर्ड ॲडिशन. वरच्या स्टँडर्डनंतर सुई मिथेनॉल-आयसोप्रोपेनॉलने धुवायची आणि कोरं इंजेक्शन द्यायचं. हे रेणू इंजेक्टरमध्येही चिकटतात.

माझं मत मात्र असं की एलएएसच्या नेहमीच्या कामाला फ्लुओरेसन्सच ठेवा. त्याच्यावर मॅट्रिक्सचा दाब येत नाही आणि काही मायक्रोग्रॅम/लिटर आरामात मिळतात. ट्रिपल क्वाड खात्रीसाठी, सल्फेट वर्गासाठी आणि इथॉक्सिलेटसाठी.

नोनिलफेनॉल इथॉक्सिलेट पॉझिटिव्हमध्ये, अमोनियम ॲडक्ट (रेणूला अमोनियम आयन जोडलेला) म्हणून: एक इथॉक्सी २८२ → १२७, दोन इथॉक्सी ३२६ → १८३. (हा १८३ धन आयन आहे, एलएएसच्या १८३ शी त्याचा काही संबंध नाही, मेथड फाइलमध्ये ध्रुवता चुकली की मजा येते.) काचेतून सोडियम आला तर सोडियम ॲडक्ट बनतो आणि तो धड तुटत नाही, म्हणून अमोनियम ॲसिटेट कमी करू नका. एक इथॉक्सीचा प्रतिसाद बाकीच्यांपेक्षा खूप कमी असतो, प्रत्येकाचा स्वतंत्र आलेख हवा. खुद्द नोनिलफेनॉल निगेटिव्हमध्ये २१९ → १३३, पण ॲसिटेटमुळे त्याचा सिग्नल पडतो, त्याला वेगळी रन द्या. स्टँडर्ड फांद्यावाला टेक्निकल घ्या. सरळ साखळीचा ४-एन-नोनिलफेनॉल २१९ → १०६ देतो आणि नदीत तो जवळपास नसतो, अंतर्गत स्टँडर्ड म्हणून बरा. युरोपाच्या २०१३च्या निर्देशात नोनिलफेनॉलची भूपृष्ठजलासाठी वार्षिक सरासरी मर्यादा ०.३ मायक्रोग्रॅम/लिटर दिलेली आहे, तेव्हा पद्धत ०.१ पर्यंत तरी पोचली पाहिजे. त्यासाठी प्लॅस्टिकचा ब्लँक सांभाळावा लागेल, काही प्लॅस्टिकांतल्या अँटिऑक्सिडंटमधून नोनिलफेनॉल सुटतो.

---

घाटपायथा

वर कोणी नमुना घेण्याबद्दल पुरेसं बोललं नाही. फेस बाटलीत घेऊ नका. फेसात सर्फॅक्टंट खालच्या पाण्याच्या कितीतरी पट साठलेला असतो, एक चमचा फेस आला तरी आकडा नदीचा राहत नाही. पृष्ठभागावरची साय टाळायची: बंद बाटली २०-३० सेंमी खाली नेऊन, तोंड प्रवाहाच्या उगमाकडे करून, पाण्याखालीच उघडा आणि तिथेच बंद करा. फेसाचं विश्लेषण हवं तर तो वेगळा नमुना, वेगळ्या नावाने. कपडे धुण्याच्या घाटाच्या खालच्या अंगाला लगेच घेतलेला नमुना नदीचा नसतो, घाटाचा असतो. पाणी मिसळायला अंतर द्या.

फेस दिसला म्हणजे डिटर्जंटच, असंही नाही. कुजलेल्या वनस्पतींतले प्रथिनं आणि ह्यूमिक पदार्थही बंधाऱ्याखाली फेस करतात. म्हणून फेसाच्या दिवशीही खालच्या पाण्याचाच आकडा पाहा.

जतन: नमुना घेतल्याबरोबर १ टक्का आकारमानाने फॉर्मलिन (३७ टक्केवालं), बर्फात, अंधारात. उन्हाळ्यात नदीतले जिवाणू काही तासांतच एलएएस तोडायला लागतात. फॉर्मलिन नसेल तर त्याच दिवशी कार्ट्रिजवर चढवा. नमुना चढवून, पाण्याने धुऊन कोरडं केलेलं कार्ट्रिज फ्रीझरमध्ये ठेवणं बाटलीतल्या पाण्यापेक्षा केव्हाही सुरक्षित. फील्ड ब्लँक म्हणजे शुद्ध पाण्याची बाटली नदीवर नेऊन उघडून, त्यातही फॉर्मलिन घालून परत आणलेली. फॉर्मलिनच्या बाटलीतूनही एलएएस येऊ शकतं, ते तिथेच कळतं.

---

जलपरीक्षा

शेवटचं. गढूळ नमुन्यांत सी८ कॉलमवर सी१०च्या आधी मोठा कुबड येतो आणि सी१०चा तळ उचलतो. आयन एक्स्चेंज कार्ट्रिजने साफ होईल का? आणि तेव्हा इथॉक्सिलेट हातचे जातील का?

---

घन-द्रव

साफ होईल, आणि इथॉक्सिलेट जाणार नाहीत, उलट वेगळे मिळतील. सी१८ मधून निघणारं मिथेनॉल थेट ५०० मिग्रॅच्या एसएएक्स (ऋण आयन धरणारं आयन एक्स्चेंज) कार्ट्रिजवर सोडा (आधी ५ मिलि मिथेनॉलने कंडिशन केलेलं). इथॉक्सिलेट उदासीन असल्याने सरळ पार होतात. ते मिथेनॉल आणि पुढचं ५ मिलि धुण्याचं मिथेनॉल एकत्र करून ट्रिपल क्वाडसाठी ठेवा. एलएएस एसएएक्सवर अडकतं. ते २ मोलर मिथेनॉलिक हायड्रोक्लोरिक आम्लाच्या ३ मिलिने उतरवा. १७ मिलि संहत आम्ल मिथेनॉलने १०० मिलि केलं की साधारण तेवढं होतं. हळूहळू ओता, गरम होतं.

क्रम उलटा करू नका. नदीचं पाणी थेट एसएएक्सवर टाकलं तर क्लोराइड आणि सल्फेटच सगळ्या जागा अडवतात. त्याच कारणाने सी१८वर आम्लयुक्त नमुना चढवल्यानंतरचं ५ मिलि पाण्याचं धुणं वगळू नका. आम्लाचा अर्क नायट्रोजनखाली ४० अंशांना उडवताना हूडमध्ये काम करा आणि सुया स्टीलच्या असतील तर त्या गंजतील, काचेच्या पाश्चर पिपेट लावा. ६०:४० मध्ये उचलल्यावर पीएच कागद लावून बघा. ३ च्या खाली असेल तर सौम्य अमोनियाचा एखादा थेंब, नाही तर सी८ कॉलमचा बाँड हळूहळू सुटत जाईल.

एकच बाब. पुढे कधी एलएएस तुटून होणारे सल्फोफिनाइल कार्बॉक्सिलेट मोजायचे ठरलं तर हा मार्ग चालणार नाही. त्यांच्या कार्बॉक्सिल गटाचा आम्ल-मिथेनॉलमध्ये मिथाइल एस्टर होतो आणि ३०:७० च्या धुण्यात त्यातले आखूड आधीच वाहून गेलेले असतात. त्यांच्यासाठी पॉलिमरवालं कार्ट्रिज, नमुना पीएच २ ला, धुणं फक्त आम्लयुक्त पाण्याचं, आणि वेगळी बाटली.